मुरूम आणि खार

दिव्याहून निघालेली गाडी पेणला थांबते, कासू-नागोठणे करत रोह्याला जाते आणि तिथे संपते. पेण ते रोहा हा पल्ला फार नाही, पण दोन्हीकडे परसात कुदळ मारून बघा. पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या अंगाला, ती उन्हाळ्यात टणकन उडते आणि पावसात दांड्यापर्यंत रुतते. रोह्याच्या नव्या वस्तीत ती खडखडते, कारण जोते उंच करायला तिथे डंपरांनी मुरूम ओतलेला असतो आणि वरून रोलर फिरवलेला असतो. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

बागकामाचे सल्ले बहुधा ‘एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत’ एवढे सांगून पुढे सरकतात. कुंडीला ते चालते. या दोन परसांना त्याचा काही उपयोग नाही, असे माझे मत आहे, आणि ते दोघांच्या तोंडून मांडणे मला सोपे जाते. आत्या पेणची. सासरची खाराची शेती होती, आता परस तेवढा हाती उरला आहे. भाचा रोह्याचा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत नोकरीला. दोघेही कल्पित आहेत. अशी भांडणारी जोडी मात्र या भागात दर चार घरांआड सापडेल. दिवस मे महिन्याचे, दोघे पेणच्या ओट्यावर बसलेले.

भाचा : आत्या, तू दिलेल्या गिरिपुष्पाच्या काड्या लावल्या कुंपणाला. पण आत लावायचं काय? माझ्याकडे मातीच नाही. दोन फूट नुसता मुरूम.

आत्या : मुरूम म्हणजे तरी काय? कातळ फुटून माती व्हायला निघालेली, अजून पोचायची आहे इतकंच.

भाचा : तिला पोचायला काही हजार वर्षं लागतील. मला भेंडी याच पावसाळ्यात हवी आहे. म्हणून मी नमुना तपासायला देतोय. पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे, पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करायची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवून दिली की सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, असे बारा आकडे हातात. 2015 पासून केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका निघते, तिच्यात हेच असतं.

आत्या : शेताला ठीक आहे. शेत एका घडणीचं असतं. तुझ्या परसात किती डंपर आले?

भाचा : असतील सात-आठ.

आत्या : सगळे एकाच खाणीतले? आणि भिंतीच्या कडेला गिलाव्याचा राडारोडा पुरलाय तो वेगळाच. त्याच्यात सिमेंट, चुना. पाच ठिकाणची माती एकत्र केलीस तर जी माती तुझ्या परसात कुठेच नाही, तिचा अहवाल येईल.

इथे आत्याने भाच्याला त्याच्याच शास्त्रात पकडले आहे. सरासरी काढायची तर ज्याची काढायची ते सारखे हवे, हा नमुना घेण्याचा पहिलाच नियम. जोत्यालगत सामू आठाच्या वर आणि कुंपणाजवळ साडेपाच, असे एकाच परसात होऊ शकते. दोन्ही मिसळून पावणेसात आला तर माणूस खूश होऊन काहीच करणार नाही, आणि भिंतीजवळची पाने पिवळी का पडतात हे कोडे पुढच्या वर्षीही तसेच राहील.

भाचा : बरं, दोन नमुने देतो. भिंतीकडचा वेगळा, कुंपणाकडचा वेगळा. समज कुंपणाकडे साडेपाच आला. म्हणजे साडेसहापेक्षा दसपट आंबट. आपल्या पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन जातात आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहतात. तू स्फुरद घाल कितीही, ते लोहाला बिलगून बसतं, मुळांना मिळत नाही. उपाय एकच, चुना. चौरस मीटरला शंभर ते दोनशे ग्रॅम, लावणीच्या तीन-चार आठवडे आधी. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना मिळतोच. तुझ्यासाठीही एक गोण आणू का?

आत्या : माझ्या वाफ्यात तू चुना घालशील तर तंगडी मोडीन. इथे आंबट काही नाही, इथे खारट आहे. आणि तिकडेही तो शेणखताबरोबर किंवा युरियाबरोबर कालवू नकोस. वासावरून कळेल काय उडून चाललंय ते.

भाचा : अमोनिया. नत्र जातं. हे तुला कोणी सांगितलं?

आत्या : नाकाने.

चुन्याचा विषय इथेच सोडतो, कारण पेणकडचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. खारेपाट ही भरतीच्या पाण्याकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, धरून ठेवायचा, उघाडीतून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला दार लागले पाहिजे, हे काम गावे पिढ्यान्‌पिढ्या मिळून करत आली. मुंबई राज्याने 1948 साली खार जमिनींसाठी कायदा केला, महाराष्ट्राने 1979 मध्ये नवा. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती खारट पाणी सोसतात. पण हे सगळे भाताचे. मागच्या दारच्या वांग्या-मिरच्यांचा विचार कोणी कायद्यात केला नाही, आणि बांधाला खांड गेली की परसही शेताबरोबर बुडतो.

भाचा : तुझ्या विहिरीचं पाणी मी मीटरने मोजलं मघाशी. गोड नाही राहिलेलं.

आत्या : त्याला मीटर कशाला? फेब्रुवारीनंतर चहा बिघडतो. पण बघ, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत याच वाफ्यात सगळं येतं. माठ, पालक, मुळा, दोडका. मीठ काही जमिनीतून गेलेलं नसतं, खाली दबलेलं असतं. पावसाने त्याला खाली ढकललेलं. उन्हं तापली की ते वर चढतं.

भाचा : केशाकर्षण. वरचा थर वाळला की खालचं खारं पाणी बारीक छिद्रांतून वर येतं, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. तो पांढरा पापुद्रा.

आत्या : म्हणून मी जमीन उघडी ठेवत नाही. भात झोडलं की पेंढा वाफ्यावर, चांगला वीतभर. ऊन लागलं नाही तर पाणी उडणार नाही, पाणी उडालं नाही तर मीठ चढणार नाही. शेजारीण रोज संध्याकाळी झारीने वरवर शिंपडते, तिचा वाफा बघ कसा पांढरा झालाय.

भाचा : थोडं थोडं पाणी दिलं की मीठ मुळांपाशीच घुटमळतं. त्यापेक्षा चार दिवसांनी, पण भरपूर द्यावं, म्हणजे ते मुळांच्या खाली उतरतं. पण आत्या, पेंढा हा बचाव झाला. खारीवर खरा उपाय वेगळा आहे. जिप्सम.

आत्या : तुझं पोतं निघालंच शेवटी.

भाचा : ऐक तर. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्याने कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पावसाबरोबर निघून जातो. आणि गंमत बघ. तुझ्या पेणमध्ये जिप्समचे डोंगर आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाऊण पाणी काढलेलं जिप्समच. भिजलं की पुन्हा जिप्सम. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींचे जे तुकडे उरतात ते कुटून खारेपाटात टाकले तर?

आत्या : आणि त्याच्यावरचा रंग? सोनेरी, चंदेरी, तेलाचा? तो कोणत्या रसायनात मोजलास? देवाच्या मूर्तीचा भुगा मी वांग्याला घालायची नाही, हे एक. आणि तू तो धुऊन आणलास तरी घालायची नाही, हे दुसरं. माझी माती चोपण आहे हे तू ठरवलंस कधी?

आत्याचा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा वजनदार आहे. भाच्याचे रसायन चूक नाही, रंग न दिलेल्या तुकड्यांबद्दल तर मुळीच नाही. पण जमीन नुसती खारट असणे आणि चोपण असणे हे दोन वेगळे आजार आहेत. प्रयोगशाळेच्या भाषेत, क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारट. कणांना चिकटलेल्या धनभारित मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा 15 टक्क्यांवर गेला की चोपण. खारट जमिनीला गोडे पाणी आणि निचरा पुरतो, जिप्समवर खर्च करणे व्यर्थ. चोपण जमिनीला निव्वळ पाणी दिले तर उलट ती आणखी मिटते. कोणता आजार आहे हे मात्र बिनखर्चात कळते, आणि ती युक्ती भाच्याला ठाऊक होती.

भाचा : वाळलेलं ढेकूळ घ्यायचं, सुपारीएवढं. काचेच्या वाटीत पावसाचं पाणी घेऊन त्यात अलगद सोडायचं, हलवायचं नाही. ढेकूळ फुटून ढीग झाला आणि पाणी निवळच राहिलं, तर सोडियमची भीती नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला, तर चोपण. तेव्हाच जिप्सम.

आत्या : विहिरीचं पाणी का नको?

भाचा : त्यात मीठ आहे. खाऱ्या पाण्यात चिकणमाती लगेच तळाला बसते. ढग दिसणारच नाही आणि आपण फसणार.

आत्या : हे बरं आहे. हे मला पटलं.

मग वाद जीवामृतावर आला. तो येणारच होता. आत्याच्या मोरीजवळ निळे पिंप आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ही सुभाष पाळेकरांमुळे महाराष्ट्रभर झालेली कृती. तिचा परस लहान, म्हणून ती सगळे दहाव्या हिश्शाने घेते.

भाचा : मी हिशेब केलाय. शेण, मूत्र, बेसन, सगळं धरून पूर्ण पिंपात नत्र पाव किलोच्या आतबाहेर. आणि ते एका एकराला. भाताला एकरी चाळीस किलो लागतं. बाकीचं कुठून येणार?

आत्या : विरजण किती घालतोस तू दुधात? तेवढ्याने पातेलं भरतं का? ते खायला नसतं, लावायला असतं. दूध आपलं आपण आणायचं.

भाचा : मग दूध कुठाय?

आत्या : हा काय, पाला. पेंढा. शेणखत. गिरिपुष्पाची छाटणी. तू काड्या लावल्यास ना, दोन वर्षांनी वर्षातून दोनदा छाट आणि हिरवा पाला तसाच वाफ्यात दाब. महिन्याभरात नावालाही उरत नाही.

भाचा : तेच तर माझं दुखणं. उरत नाही. आपल्या उबदार ओलीत सगळं कुजून वायू होऊन जातं. एकदा कर्ब वाढवला आणि सुटलो, असं इथे नाही.

आत्या : सुटायचं कशाला आहे? दर वर्षी जेवतोसच ना?

इथे मी कोणाच्याच बाजूचा नाही, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. पिंपातल्या द्रावणाने नत्राची भूक भागत नाही, हे भाच्याचे गणित बिनतोड आहे. मातीत पालापाचोळा, शेणखत नसेल तर नुसते जीवामृत शिंपणारा फसतो. पण पोत्यातला युरिया मुरमाला घातला तर पहिल्या जोरदार सरीत त्यातला बराचसा गटारात जातो, कारण धरून ठेवायला तिथे ना चिकणमाती, ना कुजका पाला. तो धरून ठेवणारा भाग कुठल्याच पोत्यात मिळत नाही. म्हणजे हिशेबही हवा आणि पालाही. रोह्याचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले, 1917 मध्ये त्यांना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळाले, आणि 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते तीन विषय एकत्र केले की मृदाशास्त्रच होते. हिशेब आणि झाडे एका डोक्यात मावतात, याला रोहेकरांनी तरी दुसरा दाखला मागू नये.

भाचा : पाल्याचं एवढं सांगतेस, आणि गावात सगळीकडे धूर. रोह्यालाही तेच. सकाळी झाडायचं आणि पेटवून द्यायचं.

आत्या : ते वाईटच. पण राब म्हणशील तर ती वेगळी गोष्ट. रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत, माती रचून भाजायचं. रोप कसं काळंभोर येतं आणि तण नाही.

भाचा : तणाचं बी भाजतं, हे मान्य. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, तापलेल्या मातीतून थोडं नत्रही सुटतं. पण पाल्यातलं नत्र धुरात गेलं. डोंगराने वर्षभर जमवलेलं तू एका सकाळी हवेत सोडलंस.

राबावर सरकारशी झालेले भांडण शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडण्यावर जंगल खात्याने बंधने घातली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून ओरड झाली, आणि 1885 ते 1887 या काळात मुंबई सरकारच्या वन आयोगाला हे गाऱ्हाणे ऐकावे लागले. (कुलाब्याचा रायगड झाला 1981 मध्ये.) साहेबाला राब म्हणजे अडाणीपणा वाटे, शेतकऱ्याला त्याशिवाय रोप होईल हे पटत नसे. बी रुजवण्याच्या लहान तुकड्यापुरता राब कामाचा होता आणि त्यासाठी लागणारा डोंगर फार मोठा होता, दोन्ही खरे. परसात त्याला जागा नाही असे मला वाटते. चार फुटांच्या वाफ्यातले तण हाताने निघते.

आत्या : बरं, धूर नको. मग वालाचं सांग. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वरच्या अंगाच्या उंच खाचरांत लोक कडवे वाल पेरतात, ते कोणत्या पोत्यावर येतात?

भाचा : मुळांवरच्या गाठींवर. त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. गाठ चिरून आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पण तुम्ही करता काय? जानेवारी आला की मडक्यात शेंगा भाजायची पोपटी. शेंगा काढायच्या नादात झाड मुळासकट उपटून आणायचं. गाठी गेल्या चुलीत.

आत्या : पोपटीला शेंगा लागतात, भांबुर्डीचा पाला लागतो, मूळ लागत नाही. विळ्याने कापून आणत जा म्हणते मी पोरांना.

भाचा : तेच नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात केलं. गादीवाफे एकदा करायचे, मग नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. पीक कापायचं आणि मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजली की गांडूळं येतात, आणि मुळांच्या जागी जी भोकं राहतात त्यांतून पाणी खाली जातं.

आत्या : चिखलणी नाही म्हटल्यावर आमचे सासरे हसले असते. पण परसात मी दुसरं काय करते? उकरायचं जेवढ्यास तेवढं.

भाचा : माझ्याकडे उकरल्याशिवाय चालणार नाही. रोलर फिरलाय. एकदा पहारीने फोडायलाच हवं.

आत्या : एकदा फोड. सगळं नको, वाफ्यांपुरतं. आणि वाफे जमिनीच्या वर बांध, फूटभर. जुलैत तुझ्याकडे मुरमावर रोलरने केलेल्या थाळीत पाणी साठतं, मुळं गुदमरतात, आणि तू म्हणतोस खत कमी पडलं. पाण्याला वाट दे आधी. मला इथे चर खणून ते बाहेर काढावं लागतं, तुला वर चढून त्याच्यापासून सुटावं लागेल.

भाचा : आणि ऑक्टोबरमध्ये तेच वाफे दोन दिवसांत कोरडे ठणठणीत होतील. वर उचललेला मुरूम पाणी धरत नाही. त्यात चिकणमाती मिसळायला हवी. तुझ्याकडची नेऊ?

आत्या : मीठ नेणार आहेस का पैसे देऊन? गाळ आण. गोड्या तळ्याचा, खाडीचा नको. उन्हाळ्यात तळी उपसतात तेव्हा मिळतो. सरकारचीही योजना आहे ना ती, धरणातला गाळ शिवारात टाकायची?

भाचा : 2017 ची. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. पण ती शेतासाठी.

आत्या : मग गावच्या तळ्याचा विचार. तीन वाटे मुरूम, एक वाटा गाळ, एक वाटा कुजलेलं शेणखत. आणि माझ्या मातीत वाळू घाल म्हणून मागच्या दिवाळीत जो सल्ला दिला होतास तो परत देऊ नकोस. चिकणमातीत थोडी वाळू घातली की उन्हाळ्यात वीट होते.

भाचा : थोडी घातली तर. निम्म्याहून जास्त घातली तर फरक पडतो, पण तेवढी वाळू परवडणार नाही कोणाला. तुला पालाच बरा. आणि भाताचं तूस नको, मागितलं तर फुकट मिळतं म्हणून. ते कुजायला नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात.

आत्या : वरून अंथरलं तर नाही पडत.

भाचा : वरून चालेल. आत नको कालवू.

आत्या : गाळ मृगाच्या आत पडायला हवा. एकदा पाऊस लागला की ट्रॅक्टर तळ्याजवळ जात नाही.

भाचा : पण गाळाचाही नमुना तपासायला हवा. कुठलं सांडपाणी तळ्यात येतं कोण जाणे. निदान खारटपणा तरी. अहवाल यायला दिवस लागतात.

आत्या : मग पाऊस आधी की अहवाल आधी?

भाचा : क्षारता मी माझ्या मीटरने बघतो, एक वाटा माती दोन वाटे पाणी घालून. ढेकळाचीही चाचणी करू, गाळाची आणि तुझ्या वाफ्याची. पण मे महिन्यात पावसाचं पाणी कुठून आणायचं?

आत्या : नाक्यावर गॅरेज आहे. बॅटरीत घालतात ते पाणी चालतं का?

भाचा : चालतं. ते शुद्धच असतं.

आत्या : मग जाताना घेऊन ये एक बाटली. आणि काचेच्या वाट्या दोन आण, माझ्या लोणच्याच्या बरण्या मिळणार नाहीत.